शिफ्ट सांभाळून गोल कसे करायचे: सेंटर फॉरवर्डच्या पोरांसाठी

हे लिहितोय ते नोकरी करून फुटबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी, त्यातही नऊ नंबरची जर्सी घालून सगळ्यात पुढं खेळणाऱ्या, गोल करायचं काम असलेल्या सेंटर फॉरवर्डसाठी. वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, जालन्याच्या स्टील कारखान्यांत, नांदेड-परभणीच्या दुकानांत दिवसभर उभं राहून संध्याकाळी किट घेऊन मैदानावर पोहोचणारी ही पोरं. सामन्यामागे थोडं मानधन हातावर पडतं, गाडीभाडं सुटतं, कधी बूट मिळतात. पगार मात्र मशीनवरच होतो. मीही बरीच वर्षं असाच खेळलो. पूर्ण्यात वाढलो, नोकरीसाठी वाळूजला आलो, बजाजनगरात खोली केली आणि बोलावणं येईल तिथं सेंटर फॉरवर्ड म्हणून गेलो. छत्रपती संभाजीनगरचं आमखास मैदान, छावणी, परभणी, नांदेड, कधी कोल्हापूरकडंसुद्धा.

पोरं भेटली की पहिला प्रश्न किकचा असतो. जोरात कशी बसवायची? माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. सीझनमागून सीझन गोल करत राहणारा माणूस बॉल पडायच्या आधी तिथं पोहोचलेला असतो. जोर नंतरचा. पश्चिम जर्मनीचा गेर्ड म्युलर बुटका, जाड मांड्यांचा गडी. देशासाठी ६२ सामन्यांत ६८ गोल केले, आणि ओळखला गेला तो गोलसमोरच्या बॉक्सच्या आतल्या गोलांसाठी. लांबून फोडलेला गोल गावात वर्षभर चघळला जातो. सामने मात्र सहा-सात मीटरवरून आत ढकललेल्या गोलांवर निघतात.

आधी जागा

गोलची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. पेनल्टी बॉक्स १६.५ मीटर खोल. एवढी जमीन तुला पाठ पाहिजे. गोलकडं पाठ करून उभा असलास तरी खांब कुठं आहे ते मान न वळवता कळलं पाहिजे. त्यासाठी बॉक्समध्ये पाठमोरा उभा राहा, मित्राला वेगवेगळ्या बाजूंनी बॉल द्यायला सांग, वळ आणि वर न बघता खालच्या कोपऱ्यात मार. आपल्याकडं सरावाला बहुतेक वेळा खांबांच्या जागी दोन दगड असतात. ते टाकताना मोठी आठ पावलं मोजून टाक. पोरं आळसानं चार-पाच पावलांचा गोल करतात, मग सामन्यात खऱ्या गोलसमोर त्यांना कोपरा सापडत नाही.

आता बॅकबद्दल, म्हणजे तुला अडवणाऱ्या समोरच्या बचावपटूबद्दल. बॉल विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला असला की बॅकची मान तिकडं वळते. त्याला बॉल आणि तू दोन्ही एका नजरेत दिसता कामा नये. म्हणून त्याच्या दुसऱ्या खांद्यामागं जा, त्यानं हात लांब केला तरी लागणार नाहीस इतक्या अंतरावर. तुला शोधायला त्याला मान फिरवावी लागते, आणि मान फिरली की बॉल त्याच्या नजरेतून सुटतो. पळायचा क्षण तोच. आमखासवर आमचे एक उस्ताद होते, वयानं थकलेले, पण बोलणं लाखाचं. ते टचलाइनवरून एकच ओरडायचे, "पैले देख, बाद में दौड़!" मी त्यांचं ऐकायला लागलो तेव्हापासून माझी धाव कमी झाली आणि गोल वाढले.

क्रॉस, म्हणजे विंगरनं कडेवरून गोलसमोर मारलेला बॉल येताना कधी निघायचं? विंगरची मान बघ. तो मान खाली घालून बॉलकडं बघतो तेव्हा तो मारणार असतो. त्याआधी पळालास तर तू बॉलच्या आधी पोहोचून थांबशील, आणि थांबलेल्या फॉरवर्डला बॅक सहज अडवतो. मान खाली गेली की दोन पावलं लांबच्या खांबाकडं टाक, बॅकला तिकडं ओढ आणि झटकन जवळच्या खांबावर काप. तिथं जोरात मारायची गरज नसते. क्रॉसला आधीच वेग असतो, पायाची आतली बाजू किंवा कपाळ नुसतं आडवं धरलं तरी पुरतं.

विंगर थेट गोललाइनपर्यंत घुसला तर मात्र उलटं कर. सगळे बॅक बॉलबरोबर गोलच्या तोंडाशी धावतात. तू धावू नकोस. पेनल्टी स्पॉटच्या आसपास, म्हणजे गोलपासून ११ मीटरवर, पाय रोवून थांब. सगळे पुढं निघून गेल्यामुळं ती जागा रिकामी पडते आणि मागं ओढलेला पास तिथंच येतो. शिवाय बॉल तुझ्यापुढं असल्यामुळं ऑफसाइडचा प्रश्नच येत नाही. माझे कितीतरी गोल या एका थांबण्यातून आलेत.

ऑफसाइडचा नियम नीट शीक, कारण मोहल्ल्याच्या स्पर्धेत लाइन्समन कधी कधी समोरच्याच क्लबचा असतो. पास सुटतो त्या क्षणाला तू कुठं आहेस एवढंच बघितलं जातं, बॉल तुझ्यापर्यंत पोहोचतो तेव्हाचं नाही. समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीनं असलास तर ऑनसाइड. हात धरले जात नाहीत. स्वतःच्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड नाही. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरही नाही. यातलं थ्रो-इनचं फार कमी पोरांच्या लक्षात राहतं. लांब थ्रो टाकणारा एखादा गडी संघात असेल तर त्याला सांगून बॅकच्या मागं जाऊन उभा राहा. समोरचे हात वर करून ओरडतात, तोवर तू गोलकीपरसमोर असतोस.

आणि रिबाउंड, म्हणजे अडून परत आलेला बॉल. कुणीही शॉट मारला की गोलकीपरकडं धाव, प्रत्येक वेळी, अगदी बॉल त्याच्या हातात चाललाय असं दिसत असलं तरी. मुरमावर अंग टाकायला गोलकीपर बिचकतो. खाली झेपावून बॉल धरायच्या ऐवजी तो पायानं किंवा मुठीनं पुढं ढकलतो. दहातल्या नऊ धावा फुकट जातील. दहावीसाठी बाकीच्या नऊ धावायच्या.

यातलं काहीही एकट्यानं होत नाही. आमचा डावा विंगर रिक्षा चालवायचा. स्टँडवर गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्याशेजारी बसायचो आणि आम्ही हेच बोलायचो: तू कुठून मारणार, मी कुठं येणार. मी शॉर्ट्सची कड ओढली की जवळचा खांब, मोज्याला हात लावला की मागं पास. समोरच्या संघाला शेवटपर्यंत कळायचं नाही. तुला पास देणारे जे दोघं-तिघं असतील त्यांच्याबरोबर बस, चहा पी, आणि गोल झाल्यावर आधी त्यांच्याकडं धाव. ते मनापासून कर. ज्याला वाटतं आपल्या पासची किंमत आहे, तो पुढच्या वेळी मान वर करून तुला शोधतो.

मैदान आणि बॉल

टीव्हीवरचं फुटबॉल गवतावरचं आहे. आपलं मुरमावरचं, आणि पावसाळ्यात गावाकडं गेलास तर काळ्या मातीवरचं. मुरमावर बॉल उंच उसळतो आणि पहिल्या टप्प्यानंतर वेग धरतो. बॉल छातीवर घेऊन खाली ठेवीन म्हणालास तर तो निसटून दोन मीटर पुढं जातो आणि बॅक घेऊन जातो. म्हणून टप्पा पडून वर येतोय तेवढ्यातच मारायला शीक. गुडघा बॉलच्या वर, अंग थोडं पुढं, पायाचा पंजा ताणलेला. अंग मागं गेलं की बॉल क्रॉसबारवरून रस्त्यावर. गोलकीपरच्या एक मीटर पुढं टप्पा पडेल असं मार. मुरमावर तो टप्पा कसा उठेल ते त्यालाही सांगता येत नाही.

काळी माती ओली असेल तर सगळं उलट. बॉल जागच्या जागी थांबतो, बुटाला चिखलाची ढेकळं चिकटतात. तिथं बॉल हवेतूनच माग, आणि दर थोड्या वेळानं बूट आपटून साफ कर. उन्हाळ्यात त्याच मातीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मैदानावर खेळायला कुणी बोलावलं तर आधी चालत एक चक्कर मार आणि भेगा कुठं आहेत ते बघून ठेव. घोटा गेला तर सामना जातोच, कामावरचे खाडेही पडतात.

पाच नंबरच्या बॉलचा घेर नियमाप्रमाणं ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. हवेचा दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फियर, पंपाच्या काट्यावर साधारण साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय. आपल्याकडं बॉल दगड होईपर्यंत फुगवतात. कठीण मैदानावर तो खालच्या बाजूला, नऊ-दहाच्या आसपास ठेवायला रेफ्रीला आणि समोरच्या कॅप्टनला सांगून बघ. बॉल पायाजवळ राहतो आणि डोक्यानं मारताना त्रास होत नाही. सरावाला निव्हियाचा स्टॉर्म घे. मुरमावर टिकतो.

लांब स्टडचे बूट मुरमावर घालू नकोस. स्टड जमिनीत शिरत नाहीत, सगळा भार टाचेवर आणि नडगीवर येतो आणि सहा महिन्यांत टाच धरते. छोट्या रबरी गोट्यांचे टर्फचे बूट स्वस्तही पडतात. शिन गार्ड सरावालाही घाल. गुडघे सोलले की हळद-तेल लावायच्या आधी साबणपाण्यानं खडे निघेपर्यंत धू, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते लक्षात ठेव.

शिफ्ट आणि अंग

खरी लढाई इथं आहे. पहिली शिफ्ट करून संध्याकाळी सामना खेळता येतो. दुसऱ्या शिफ्टमध्ये सामना असला की अदलाबदल करावी लागते. तिसरी शिफ्ट करून दुपारी खेळणं अंगाला महागात पडतं. स्पर्धेचं वेळापत्रक हातात आलं की त्याच दिवशी सुपरवायझरला भेट, आदल्या दिवशी नाही. ज्यानं तुझी शिफ्ट घेतली त्याची शिफ्ट त्याच्या अडचणीला, न मागता, परत कर. त्याच्या घरचं लग्न, पोराची शाळा, शेतातली काढणी लक्षात ठेव. मी इतकी वर्षं खेळू शकलो त्यात माझ्या लाइनवरच्या माणसांचा वाटा पायांपेक्षा मोठा आहे, आणि हे मी मनापासून सांगतो.

रात्रपाळी करून आलास तर आधी झोप. खिडकीला जाड चादर लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, निदान सहा तास अंग टाक. न झोपता खेळलेल्या सामन्यात पाय हलतात, पण पास सुटायच्या आधीचं दिसत नाही. आणि फॉरवर्डचं सगळं त्या दिसण्यावरच चालतं.

सामन्याआधी तीन तास नीट जेव. ज्वारीची भाकरी, साधं वरण, बटाट्याची भाजी चालेल. तर्री नको, शेंगदाण्याची चटणी घरी आल्यावर. मधल्या वेळेत केळं किंवा गुळाचा खडा. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसवर असतो, तेव्हा सकाळपासूनच पाणी पी. मैदानावर आल्यावर गटागटा प्यायलास तर पोटात नुसतं हिंदकळतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भर, हाफटाइमला ती घोट घोट घे. रमजानात संघातल्या रोजेदार पोरांचा सराव इफ्तारनंतरच ठेवा. बाकीच्यांनीही त्यांच्या वेळेला यावं, संघ एकत्र राहतो.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. फॉरवर्डचा सगळ्यात जास्त तोच जातो, कारण थांबलेला असताना एकदम पूर्ण वेगानं पळणं हेच त्याचं काम. फिफाचा '११ प्लस' नावाचा वॉर्म-अप आहे, साधारण २० मिनिटांचा, फुकट, एका बॉलशिवाय काही लागत नाही. त्यात नॉर्डिकचा व्यायाम आहे: गुडघ्यांवर उभा राहा, मागून मित्रानं घोटे घट्ट धरायचे, कंबर न वाकवता अंग जितकं हळू जाईल तितकं हळू पुढं सोडायचं, शेवटी हातांवर पडायचं. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला तीन-चार वेळाच. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही. तरी सोडू नकोस. या व्यायामानं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात असं खेळाडूंवरच्या अभ्यासांत दिसलंय.

मैदान मिळत नसेल त्या दिवशी भिंत शोध. कंपनीच्या कंपाउंडची मागची भिंत चालते. तीन मीटरवरून डावा, उजवा, डावा, उजवा, बॉल न थांबवता, पंधरा मिनिटं. मग पाच मीटरवरून. कमकुवत पायाला दुप्पट दे. बॉक्समध्ये बॉल चांगल्या पायावर घ्यायला वेळ मिळत नाही. जो पाय जवळ असेल त्यानंच मारावं लागतं.

पैसे आणि कागद

दुसऱ्या गावचा संघ बोलावतो तेव्हा निघण्याआधी चार गोष्टी फोनवरच विचार: भाडं कोण देणार, राहायची सोय काय, किती सामने, आणि लागलं तर दवाखान्याचा खर्च कोण करणार. शेवटचा प्रश्न विचारायला पोरं लाजतात. लाजू नकोस. रात्री देवगिरी एक्स्प्रेसनं निघून सकाळी दुखरा पाय घेऊन परत येणारा तूच असतोस. एकाच स्पर्धेत दोन संघांकडून कधी खेळू नकोस, कितीही पैसे दिले तरी. पकडला गेलास तर बंदी येते, आणि नाव एकदा गेलं की बोलावणी थांबतात.

सरकारी नोकरीत महाराष्ट्रात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं, ठरलेल्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून होते. नगरसेवकाच्या नावाच्या चषकातला 'बेस्ट स्कोअरर'चा मोमेंटो तिथं चालत नाही. म्हणून शाळा-कॉलेजात असशील तर शालेय स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, जिल्हा संघटनेची निवड चाचणी यांतलं काही चुकवू नकोस, मग त्या दिवशी दुसरीकडं रोख बक्षिसाचा सामना का असेना. जिल्हा संघटना 'विफा'ला, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला जोडलेली आहे का ते विचार. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन पद्धतीत तुझी सीआरएस, म्हणजे खेळाडूंची केंद्रीय नोंदणी क्लबकडून करून घे, आणि जन्मतारीख-नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का ते स्वतः बघ. भारताचा फॉरवर्ड आय. एम. विजयन केरळातल्या त्रिशूरच्या स्टेडियमवर सोड्याच्या बाटल्या विकायचा. केरळ पोलिसांच्या संघात गेला तेव्हा त्याला खेळही मिळाला आणि नोकरीही. खेळातून नोकरीचा तो रस्ता आता अरुंद झालाय, पण बंद नाही, आणि त्याच्या दारात कागद मागतात.

वही

एक शंभर पानी वही घे. प्रत्येक सामन्यानंतर, त्याच रात्री, तारीख, गाव, मैदान कसलं होतं, समोरचा संघ, निकाल लिही. गोल केला असशील तर कितव्या मिनिटाला, कोणत्या पायानं, कुठून, पास कुणाचा. हुकलेली संधीही लिही. महिन्याभरानं वाचलंस की तुझं तुलाच दिसेल: सगळे गोल उजव्या बाजूनं आलेल्या बॉलवर होताहेत, किंवा शेवटच्या वीस मिनिटांत एकही नाही. पहिलं दिसलं तर डाव्या विंगरबरोबर बसायचं, दुसरं दिसलं तर पळण्याचा सराव वाढवायचा. कोच नसलेल्या पोराला वही हाच कोच.

वहीचं दुसरंही एक कारण आहे आणि ते मला फार जवळचं आहे. इंग्लंडचा जेमी वार्डी १६ व्या वर्षी शेफील्ड वेन्सडेतून काढला गेला. मग तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या छोट्या संघात खेळला, आठवड्याला ३० पौंडांवर, आणि दिवसा रुग्णांसाठी स्प्लिंट बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं. २०१० मध्ये हॅलिफॅक्स टाउन, २०११ मध्ये फ्लीटवुड टाउन. तिथं एका लीग सीझनमध्ये ३१ गोल, आणि २०१२ मध्ये लेस्टर सिटीनं त्याला दहा लाख पौंड देऊन घेतलं. २०१५-१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीग जिंकलं तेव्हा त्याचे २४ गोल होते, त्यात सलग ११ सामन्यांत गोल. हा सगळा प्रवास आपल्याला आज आकड्यांनिशी माहीत आहे, कारण तिथं अगदी खालच्या लीगच्या सामन्यांचीही नोंद कुणीतरी ठेवतं. आपल्याकडं छावणीत, परभणीत, नांदेडात असे फॉरवर्ड होऊन गेले की ज्यांचं नाव ऐकून बॅक रात्री नीट झोपत नसत. त्यांचे गोल किती, कुणालाच सांगता येत नाही. जे बघणारे होते ते एकेक करून चाललेत. याचं मला वाईट वाटतं.

त्याच वार्डीनं २०१९-२० मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, २३ गोल करून प्रीमियर लीगचा गोल्डन बूट घेतला. तिशी आली की आपली पोरं बूट टांगतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. तिशीनंतर धाव निवडून धाव. कॉर्नर फ्लॅगकडं बॉलमागं पळणं तरुण विंगरवर सोड, तू दोन खांबांच्या रुंदीतच राहा. सरावाचे दिवस कमी कर, नॉर्डिक मात्र कमी करू नकोस. सामन्यानंतरचा दिवस शक्यतो पहिल्या शिफ्टला ठेवू नकोस. पहाटे उठून कडक झालेल्या पोटऱ्यांवर आठ तास उभं राहणं दुखापतीला बोलावणं आहे.

सीझन संपला की वहीतल्या त्या वर्षाच्या पानांवर कॅप्टनची आणि क्लबच्या सेक्रेटरीची सही घे. एक झेरॉक्स क्लबकडं ठेव, फोनवर फोटो काढ. सगळी मूळ प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या फाइलीत घाल आणि ती फाइल लोखंडी कपाटात ठेव. पत्र्याच्या खोलीत भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या कागदाला एका पावसाळ्यात वाळवी लागते.